६२, ५४, ३४, १५ : ‘क्रिटिकल रिव्ह्यू’ लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

‘पाच ते आठ शोधनिबंध घ्या, त्यांचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहा आणि वर्गासमोर दहा मिनिटांत मांडा. वीस मार्क इंटर्नलचे.’ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मेसेज पडला की पहिला अर्धा तास ग्रुप एकदम शांत असतो. मग कुणीतरी धीर करून विचारतं, ‘क्रिटिकल म्हणजे?’ उत्तर सहसा येत नाही. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी पीडीएफ येते.

महाराष्ट्रात हा मेसेज आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मुलांना येतोय. नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून इथल्या पदव्युत्तर वर्गांना आणि स्वायत्त महाविद्यालयांना लागू झालं, पुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांनाही. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षात संशोधनपद्धती हा विषय येऊन बसला. चार वर्षांची ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. पूर्वी ज्या कामाशी गाठ पीएच.डी.च्या उंबरठ्यावर पडायची, ती आता विशीतच पडते. आणि शिकवणाऱ्या सगळ्यांनीच असा आढावा स्वतः कधी लिहिलाय असंही नाही. मी शिक्षिकाच असल्यामुळे हे बिनधास्त सांगू शकते.

## टीका, पण कुठल्या अर्थाने?

‘क्रिटिकल’चं मराठी आपण ‘टीकात्मक’ असं करतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. आजच्या बोलण्यात टीका म्हणजे नावं ठेवणं. त्यामुळे मुलं कंबर कसून प्रत्येक पेपरातल्या उणिवा हुडकतात: नमुना लहान होता, कालावधी कमी होता, यावर अजून संशोधन व्हायला हवं. ही तीन वाक्यं जगातल्या कुठल्याही पेपराखाली चिकटवता येतात, म्हणूनच त्यांना काडीची किंमत नाही.

पण टीका या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ निराळा आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. त्यात गीतेच्या खोड्या काढलेल्या नाहीत. श्लोक उलगडून दाखवलेत. तुमच्याकडून हवी असलेली टीका या दोन अर्थांच्या मधोमध कुठेतरी बसते. पेपर उलगडायचा आणि उलगडता उलगडता त्याचं वजनही करायचं.

दुसऱ्या टोकाला असतात सारांशवाले. ‘अमुक यांनी २०१५ मध्ये असं म्हटलं. तमुक यांनी २०१८ मध्ये तसं म्हटलं.’ डब्याला डबा जोडत गाडी आठ पानं लांब होते, पण इंजिन नसतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वह्या या जातीच्या असतात, आणि खरं सांगायचं तर त्या तपासताना मलाही झोप येते.

मग करायचं काय? घरात स्थळ आलं की आत्या काय करते ते आठवा. बायोडेटावर लिहिलेलं असतं: मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत, पगार उत्तम, स्वतःचा फ्लॅट. आत्या तो कागद खोटा ठरवत नाही, पण डोळे झाकून खराही मानत नाही. ती विचारते, ही माहिती दिली कोणी? मध्यस्थ मुलाचा मामा तर नाही? फ्लॅट स्वतःचा म्हणजे कर्ज किती शिल्लक आहे? त्या सोसायटीत आपल्या ओळखीचं कोण राहतं? दोन-तीन ठिकाणांहून आलेल्या गोष्टी शेजारी ठेवते आणि मग आपलं मत सांगते, तेही ‘मुलगा चांगला आहे, पण पगाराचा आकडा फुगवलेला दिसतो’ इतक्या नेमक्या शब्दांत. पेपराच्या सुरुवातीला जो सारांश असतो, तो असाच बायोडेटा आहे. ज्याचा आहे त्यानेच लिहिलेला.

## गडचिरोलीचा एक पेपर हातात घेऊ

नुसतं बोलून हे कळणार नाही, म्हणून एक खराखुरा पेपर घेते. १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातला अभ्यास छापून आला. प्रश्न सरळ होता. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतली बाळं खेड्यात दगावतात, दवाखाना लांब असतो. मग गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी बाळाची काळजी घेतली तर मृत्यू कमी होतील का?

३९ गावांत हे काम केलं. ४७ गावांत केलं नाही, तिथे फक्त नोंदी ठेवल्या. अशा गावांना तुलनागट म्हणतात. १९९३ ते ९५ ही पहिली दोन वर्षं दोन्हीकडे नुसती जन्ममृत्यूंची नोंद झाली आणि १९९५ ते ९८ प्रत्यक्ष काम झालं. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यदूत घरोघरी जायच्या. श्वास न घेणारं, कमी वजनाचं, थंड पडलेलं बाळ हाताळायच्या. जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकं द्यायच्या, त्यात इंजेक्शनही आलं. निकाल असा: कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनागटाशी ताडून पाहता घट ६२.२ टक्के.

सारांशवाला इथे पूर्णविराम देऊन पुढच्या पेपराकडे वळतो. आपण जरा थांबू.

पहिली गोष्ट, इथे ६२ हा आकडा दोनदा आलाय आणि दोन्ही ६२ वेगळे आहेत. एक मृत्युदर आहे, दुसरा टक्के. आता पाटीवर हिशोब करा: ६२ वरून २५.५ म्हणजे घट ३६.५, म्हणजे साधारण ५९ टक्के. मग ६२.२ आले कुठून? तुलनेच्या गावांमुळे. तिथला दर सुरुवातीला ५८ होता. त्या गावांतही दर आपोआप उतरला असता, तर तेवढी उतरण कामाच्या श्रेयातून वजा झाली असती आणि उत्तर ५९ च्या खाली गेलं असतं. ते वर गेलंय, याचा अर्थ तुलनेच्या गावांत दर घसरलेला नाही. इतकं तुम्ही कॅल्क्युलेटरवर काढलंत आणि दोन ओळींत लिहिलंत, की वाचणाऱ्याला कळतं की या मुलाने पेपर उघडला होता.

दुसरी गोष्ट, कुठली गावं कुठल्या गटात हे कसं ठरलं? चिठ्ठ्या टाकून नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याला संशोधनात रँडम निवड म्हणतात आणि तिचा फायदा उघड आहे: ‘तुम्ही मुद्दाम चांगली गावं घेतलीत’ असं कुणाला म्हणता येत नाही. इथे ते झालं नव्हतं, ही पेपराची खरी कमजोर बाजू. पण तेवढं लिहून पेन खाली ठेवलंत तर निम्मे मार्क गेले. कारण लेखकांनी या शंकेवर उपाय केलेला दिसतो: काम सुरू होण्याआधीची दोन वर्षं त्यांनी मोजलीत आणि दोन्हीकडचे मृत्युदर, ६२ आणि ५८, जवळपास सारखे होते हे दाखवलंय. शंका पूर्ण मिटत नाही, पण बरीच बोथट होते. असं मोजून मापून लिहिणं म्हणजे वजन करणं.

तिसरी गोष्ट आत्याच्या पठडीतली: मोजलं कोणी? ज्यांनी काम केलं त्यांनीच मृत्यूही मोजले असते, तर नकळत हात आखडता राहण्याची भीती. इथे जन्ममृत्यूंची नोंद ठेवणारे कार्यकर्ते वेगळे होते. हे पेपराच्या बाजूचं बलस्थान आहे आणि आढाव्यात तेही यायला हवं. मुलांना वाटतं की चांगलं लिहिलं तर रिव्ह्यू ‘क्रिटिकल’ राहत नाही. तसं काही नाही.

आणि चौथी, माझ्या आवडीची. पेपर सांगतो की जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण उपचारांआधी १६.६ टक्के होतं (१६३ बाळं), आरोग्यदूतांच्या उपचारानंतर २.८ टक्के झालं (७१ बाळं). टक्क्यांची माणसं करून बघा. १६३ पैकी २७ मृत्यू आणि ७१ पैकी २. म्हणजे २.८ टक्के हा सगळा आकडा दोन बाळांवर उभा आहे. आणखी दोन दगावली असती तर तो थेट ५.६ झाला असता. तरीही १६.६ पेक्षा तो खूप खाली आहे, म्हणून निष्कर्ष मोडत नाही; पण दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर किती विसंबायचं, ते कळतं.

## शितावरून भाताची परीक्षा कधी चालते?

‘नमुना लहान आहे’ हे वाक्य इतक्या स्वस्तात वापरलं जातं की त्यासाठी वेगळं सांगायला हवं. नमुना म्हणजे सगळ्यांना तपासणं शक्य नसतं म्हणून निवडलेले थोडे. आपली म्हणच आहे, शितावरून भाताची परीक्षा. कुकर भरून भात असला तरी एक शीत दाबून पाहिलं की पुरतं. पण कधी? सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजला असेल तेव्हा. तळाशी करपलेला आणि वर कच्चा असा भात असेल तर वरची दहा शितं दाबूनही उपयोग नाही. म्हणून प्रश्न ‘शितं किती’ याच्या आधी ‘शितं कुठून घेतली’ हा असतो.

याच दांपत्याचा त्याआधीचा, १९८९ चा पेपर बघा, तोही लॅन्सेटमधलाच. दोन गावं, ६५० स्त्रिया. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक तरी आढळला. हा आकडा मग फिरत फिरत ‘भारतातल्या ९२ टक्के ग्रामीण स्त्रिया’ असा होऊ शकतो, आणि तसं लिहिणं चूक आहे. दोन गावांवरून देश सांगता येत नाही. पण म्हणून ‘फक्त दोनच गावं’ असं म्हणून हा अभ्यास बाजूला सारणंही तितकंच चूक. कारण त्याचा दावा वेगळा होता. त्या ६५० जणींपैकी ४५ टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती, आणि याआधी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्यात येणाऱ्या बायकांची नोंद बघून खेड्यातला आजार कधीच कळला नसता, एवढं सिद्ध करायला दोन गावं पुरेशी आहेत. दावा केवढा आणि पुरावा केवढा, यांची जोडी जुळते का ते बघायचं. लहान नमुन्यावर लहान दावा असेल तर भांडण कसलं?

## एक पेपर झाला. आता चार शेजारी ठेवा

इथून पुढे खरी मजा. एका पेपराची चिकित्सा म्हणजे एका साक्षीदाराची उलटतपासणी. आढावा तेव्हा होतो, जेव्हा साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत आणि तुम्हाला ‘का?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

गडचिरोलीनंतर अशाच प्रकारचे प्रयोग इतरत्र झाले. २००८ मध्ये दोन अभ्यास छापून आले. उत्तर प्रदेशातल्या शिवगडचा: नवजात मृत्युदरात ५४ टक्के घट. बांगलादेशातल्या सिल्हेटचा: ३४ टक्के. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या हालाचा: साधारण १५ टक्के. आपल्या ६२ सह चारही शेजारी मांडा. ६२, ५४, ३४, १५.

उतरंड बघितल्यावर पहिला अंदाज काय येतो? गडचिरोलीत चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, नंतरच्यांनी टाकल्या, म्हणून खरा परिणाम उघडा पडला. ऐकायला चोख वाटतं. पण शिवगडमध्येही रँडम निवड होती आणि तिथे घट ५४ टक्के आहे. अंदाज कोसळला. किमान एकट्याच्या बळावर तो उभा राहत नाही.

दुसरा अंदाज: सगळी जादू इंजेक्शनमध्ये असेल. मग पुन्हा शिवगड आडवं येतं, कारण तिथे भर होता सवयी बदलण्यावर: बाळाला उबेत ठेवणं, आईच्या त्वचेला लावून धरणं, लगेच अंगावर पाजणं. आरोग्यसेविकेच्या हातात सुई नव्हती. सिल्हेटमध्ये मात्र आजारी बाळांवर उपचारही झाले, तरी आकडा ३४. म्हणजे हाही धागा एकटा पुरत नाही.

आता पेपरांच्या आतले तक्ते उघडा. गडचिरोलीत कामाच्या तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना घरी काळजी मिळाली होती. हालामध्ये काम सरकारी यंत्रणेतल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’कडे होतं, त्यांच्याकडे आधीच दहा कामं. त्या प्रत्यक्ष पोहोचू शकल्या फक्त २४ टक्के बाळांपर्यंत. ९३ आणि २४! दर चार बाळांपैकी तिघांच्या घरी कुणी गेलंच नसेल, तर १५ टक्के घट हे औषधाचं अपयश म्हणायचं, की औषध बाटलीतच राहिलं असं म्हणायचं?

हे एकट्या कुठल्याही पेपरातून पुरतं दिसत नाही, कारण प्रत्येक पेपर मुख्यतः आपल्यापुरतं बोलतो. चारही शेजारी ठेवणाऱ्यालाच ते दिसतं, आणि वीस मार्क त्यासाठी आहेत. इंग्रजीत याला ‘सिंथेसिस’ म्हणतात. मी वर्गात ‘गोधडी’ म्हणते: तुकडे इतरांचे, शिवण तुमची.

इथे एक सावधगिरी. हे चार आकडे तंतोतंत एका मापाचे नाहीत. सिल्हेटचे ३४ टक्के हे कामाच्या शेवटच्या सहा महिन्यांचे आहेत. गडचिरोलीचे ६२ तिसऱ्या वर्षाचे. जिथे मुळात बाळंतपणं दवाखान्यात जास्त होतात तिथे घरच्या काळजीला वावही कमी उरतो. हे सगळं आढाव्यात कबूल करायचं, लपवायचं नाही.

याचा पुढे उपयोग काय, असं कुणी विचारेल. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळांच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. ती योजना या संशोधनाच्या पायावर उभी आहे. पण गडचिरोलीची आरोग्यदूत इंजेक्शन द्यायची, आशाताईंना ते काम दिलेलं नाही. मग गडचिरोलीचे ६२ टक्के सरकारी योजनेकडून मागायचे का? भेटी कागदावर सहा आणि प्रत्यक्षात किती, हा प्रश्न हालाच्या त्या २४ टक्क्यांवरून सरळ आशाताईंच्या वहीपर्यंत येतो. एम.एस.डब्ल्यू.च्या मुलाला इथे अख्खा प्रबंधाचा विषय मिळेल.

## ‘पण एवढ्या मोठ्या लोकांच्या चुका काढणारे आम्ही कोण?’

हा प्रश्न मागच्या बाकावरून दरवर्षी येतो आणि तो नम्रतेतून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. छापण्याआधी त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांकडून पेपर तपासला जातो, त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. मुलांना वाटतं, ती चाळणी लागली म्हणजे माल शुद्ध.

याच लॅन्सेटचं २०२० सालचं उदाहरण आहे. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घातक ठरतंय असं सांगणारा पेपर २२ मे रोजी आला. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण. आकडे एवढे मोठे की जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. मग वाचणाऱ्यांनी साधी बेरीज तपासली. पेपरात ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू दाखवले होते. त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात कोविडचे मृत्यू होते ६७. मूळ नोंदी दाखवा म्हटल्यावर त्या पुरवणाऱ्या कंपनीने त्या दाखवल्या नाहीत, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. ७३ आणि ६७ मधला मोठा कोणता, हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही.

लेखकाचा मान राखायचा तो भाषेत. ‘लेखकांना हे कळलंच नाही’ असं लिहायचं नाही. ‘पेपरात याचा उल्लेख नाही’ असं लिहायचं. पहिल्या वाक्यात तुम्ही माणसाबद्दल बोलता, दुसऱ्यात कागदाबद्दल, आणि तुमच्यासमोर कागद आहे.

## ‘इंग्रजी झेपत नाही, मग वाचायचं कसं?’

खरं दुखणं हे आहे आणि त्यावर वर्गात कुणी बोलत नाही. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलासमोर बारा पानी इंग्रजी पेपर टाकला की तो सारांशापाशीच अडकतो. माझा अनुभव सांगते: पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. सारांश वाचा, तिथून थेट तक्त्यांवर जा. आकडे मराठीतही तेच असतात. मग ‘पद्धत’ हा भाग, कारण त्याची भाषा कोरडी आणि ठरावीक असते. दहा पेपरांनंतर तेच पन्नास शब्द फिरून येतात. लेखकांची चर्चा सगळ्यात शेवटी. आधी वाचलीत तर त्यांच्याच चष्म्यातून तक्ते दिसायला लागतात.

नोंदी मात्र मराठीत, स्वतःच्या शब्दांत. एक मोठा कागद आडवा धरा, डाव्या बाजूला पेपर, वर तेच चार-पाच प्रश्न: कुठे, किती जणांवर, गट कसे पाडले, मोजलं कोणी, किती जणांपर्यंत पोहोचलं. उभे रकाने भरत आलात की आडवं वाचायचं थांबवा आणि वरून खाली वाचा. ९३ आणि २४ असेच एकाखाली एक आले होते.

पेपर मिळवायचे कुठून? गूगल स्कॉलर आणि पबमेड फुकट आहेत, भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगावर मिळतात. सरकारी संस्थेत शिकत असाल तर २०२५ पासूनच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून ३० प्रकाशकांची हजारो नियतकालिकं उघडतात. ग्रंथपालांना विचारा, त्यांना कुणी विचारत नाही म्हणून ते बिचारे खूश होतात.

## लिहायला बसल्यावर

परिच्छेदाची सुरुवात लेखकाच्या नावाने करू नका, मुद्द्याने करा. ‘बंग आणि सहकारी यांनी...’ असं सुरू केलंत की पुढे सारांशच येतो. ‘घरच्या काळजीचा परिणाम सर्वत्र सारखा दिसत नाही’ असं सुरू केलंत की चारही पेपर आपोआप त्या एका परिच्छेदात यावे लागतात. एवढ्या एका सवयीने निम्मं काम होतं. बाकी शिस्त म्हणजे किती पेपर पाहिले, त्यातले कुठले सोडले आणि का, हे सुरुवातीला दोन ओळींत सांगणं. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारा पेपर सोडून दिलात तर तो रिव्ह्यू नाही, वकिली झाली.

उचलेगिरीबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंत जुळणी चालते, ४० पर्यंत गेली तर दुरुस्त करून पुन्हा द्या, ६० पर्यंत असेल तर वर्षभर सादर करायला बंदी, त्यावर गेलं तर नोंदणीच रद्द. मुलं यावर उपाय म्हणून शब्द बदलत बसतात, ‘महत्त्वाचे’चं ‘लक्षणीय’ करतात. कागद आडवा धरून स्वतःच्या मराठीत नोंदी काढल्या असतील तर हा व्याप करावाच लागत नाही, कारण मूळ वाक्य समोर नसतंच.

आणि एआय? इंग्रजी परिच्छेद मराठीत समजून घ्यायला जरूर वापरा, मीही वापरते. पण संदर्भ त्याच्याकडून घेऊ नका. लेखकाचं नाव, साल, नियतकालिक सगळं झकास मांडून देतं आणि असा पेपर जगात नसतोच. जो पेपर स्वतः उघडून पाहिला नाही, तो यादीत घालायचा नाही.

## दहा मिनिटं, आणि त्यानंतरची पाच

आठ पानी आढावा दहा मिनिटांत मांडायचा म्हणजे आठही पानं वेगाने वाचायची, असा समज आहे. स्लाइडवर चौदा ओळी, मुलाची पाठ वर्गाकडे. कीर्तनकाराकडे बघा. तो एकच अभंग घेऊन उभा राहतो. पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतो, उत्तररंगात त्यावर एक आख्यान लावतो आणि मधून मधून त्याच चरणावर परत येतो. त्याला शंभर अभंग पाठ असतात, पण तो ते सगळे म्हणत नाही.

तुमचा चरण एक वाक्य आहे. ‘घरच्या काळजीने नवजात मृत्यू कमी होतात, किती, ते कितीजणांच्या घरी खरोखर कुणी गेलं यावर बरंच अवलंबून दिसतं.’ हे पहिल्या मिनिटात सांगून टाका, रहस्यकथा लिहायची नाहीये. मग एका स्लाइडवर चार खांब: ६२, ५४, ३४, १५. वर्गाला विचारा, का उतरले असतील? त्यांचे अंदाज तेच येतील जे आपले आले होते, आणि ते एकेक करून पाडायला तुमच्याकडे शिवगड आहे. शेवटी ९३ आणि २४ ची स्लाइड. सहा स्लाइड पुरतात. घरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघा; मनातल्या मनात बोललेली दहा मिनिटं प्रत्यक्षात सोळा होतात.

प्रश्नोत्तरांची भीती सगळ्यांना असते. बाहेरून आलेले परीक्षक हमखास असं काहीतरी विचारतात जे तुम्ही वाचलेलं नाही. समजा विचारलं, ‘हालामध्ये ज्या २४ टक्के बाळांपर्यंत पोहोचले, फक्त त्यांच्यातला मृत्युदर किती?’ गडबडून आकडा ठोकून देऊ नका. ‘सर, तो मी पाहिलेला नाही. पण नुसता तो पाहूनही चालणार नाही, कारण ज्यांच्या घरी पोहोचणं सोपं होतं ती घरं कदाचित आधीच बरी असतील. रस्त्यालगतची, शिकलेल्या आईची.’ एवढं बोलून खाली बसलात तरी चालेल. परीक्षक बहुधा चहाचा कप खाली ठेवून दुसरा प्रश्न विचारतील, आणि तो मात्र खरोखर कुतूहलाने विचारलेला असेल.